खाच कोणी बदलावी?

'जुळवून घे' हा उपदेश आपल्या घरांत जितक्या सहजतेने केला जातो, तितक्या सहजतेने दुसरा कोणताही केला जात नसावा. सासरी निघालेल्या मुलीला तो केला जातो, वसतिगृहात दाखल झालेल्या मुलाला केला जातो, नव्या नोकरीवर रुजू झालेल्या तरुणाला केला जातो आणि उतारवयात मुलाकडे राहावयास गेलेल्या आईलाही केला जातो. उपदेश वाईट नाही. जुळवून घेतल्यावाचून घर चालत नाही, संस्था चालत नाही, गावही चालत नाही. परंतु वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा उपदेश नेहमी येणाऱ्याला केला जातो. ज्या घरात वा संस्थेत तो येतो, त्या घराला वा संस्थेला तो क्वचितच कोणी करतो. जागा आधीच ठरलेली आहे, तीत बसण्यासाठी येणाऱ्याने स्वतःला तासून घ्यावे, असे आपण न बोलता गृहीत धरलेले असते. दोन गोष्टी एकमेकींत बसत नसतील तर त्यांपैकी कोणती बदलावी, आणि किती? हा प्रश्न आम्हांला नैतिक प्रश्न वाटतो, आणि त्याचा विचार करण्यास एका कारागिरीच्या धड्याची मोठी मदत होते, असे आमचे मत आहे.

सुताराला हा प्रश्न रोज पडतो. एका फळीला जीभ काढली, दुसरीला खाच घेतली आणि दोन्ही जुळल्या नाहीत, तर पटाशी कोणत्या फळीवर चालवावयाची हे त्याला ठरवावे लागते. खिळा किंवा सरस न वापरता, केवळ एकात एक गच्च बसवून केलेला सांधा ही कारागिरीची फार जुनी कसोटी आहे. चुन्यावाचून दगडात दगड बसवून उभारलेली हेमाडपंती मंदिरे आपल्या प्रांतात शतकानुशतके उभी आहेत. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार लोखंडी धाव चढवीत असे, तीही याच तत्त्वाने. धावेचा घेर चाकाहून किंचित लहान ठेवावयाचा, ती तापवून फुगवावयाची, चाकावर बसवावयाची आणि वरून पाणी ओतावयाचे. थंड होताना धाव आवळते आणि चाकाचे सगळे भाग एकत्र धरून ठेवते. तेथे ना खिळा लागतो ना गोंद. एक वस्तू दुसरीला दाबते, दुसरी तो दाब परतवते, आणि त्या परस्पर दाबानेच दोन्ही टिकतात.

हीच जुनी कसोटी आता लेसर किरणाच्या साहाय्याने शिकविली जाते, आणि ती केवळ मोठ्या शहरांतील महाविद्यालयांत शिकविली जाते असे नाही. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे कोरडवाहू गाव आहे. तेथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रमाची स्थापना केली. कलबाग हे अन्नतंत्रज्ञानातील संशोधक. हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागातील आपले काम सोडून ते या गावी आले, कारण शाळेने 'नापास' म्हणून बाहेर काढलेली मुले हातांनी काम करता करता उत्तम शिकतात, असा त्यांचा विश्वास होता. २००३ साली त्यांचे निधन झाले. त्याच्या आदल्या वर्षी, २००२ मध्ये, अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेच्या सहकार्याने पाबळ येथे 'फॅब लॅब' म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा सुरू झाली. अमेरिकेबाहेरील अगदी पहिल्या फॅब लॅबांमध्ये तिची गणना होते. पुढे जगभर पसरलेल्या या कार्यशाळांतून 'फॅब अकॅडमी' हा अभ्यासक्रम चालू लागला. त्यात आरंभीच्याच आठवड्यांत जो धडा येतो, तो हा: संगणकावर आरेखन करून, लेसरने कापून, गोंदावाचून एकमेकांत बसणारे सुटे भाग तयार करा.

हा धडा वरवर पोरखेळासारखा दिसतो. पुठ्ठ्याचे तुकडे कापावयाचे, त्यांना खाचा ठेवावयाच्या आणि एकात एक अडकवून पेटी, दिवा, खुर्चीची प्रतिकृती असे काही उभारावयाचे. पण हाती घेतल्यावर त्यातील अडचण कळते. कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणाऱ्या यंत्रातून निघणारा किरण डोळ्यांना दिसत नाही. भिंगाने तो एका बिंदूवर एकवटतो आणि त्या बिंदूवरील पदार्थ जळून, वाफ होऊन निघून जातो. करवतीने लाकूड कापताना जसा भुसा पडतो, तसाच येथेही काही भाग नाहीसा होतो. किरणाने खाल्लेल्या या रुंदीला कारागीर 'कर्फ' म्हणतात. ती यंत्राप्रमाणे आणि पदार्थाप्रमाणे बदलते. सामान्यतः एका मिलिमीटरचा दहावा ते चौथा हिस्सा एवढीच असते. इतक्या बारीक गोष्टीने काय बिघडणार, असे नवख्याला वाटते. समजा, पुठ्ठ्याची जाडी ३ मिलिमीटर आहे आणि कर्फ ०.२ मिलिमीटर. नवखा विद्यार्थी आरेखनात बरोबर ३ मिलिमीटरची खाच काढतो. किरण तिच्या दोन्ही कडांवरून प्रत्येकी ०.१ मिलिमीटर खातो, खाच ३.२ मिलिमीटरची होते, आणि तीत पुठ्ठा खुळखुळतो. कागदावर अचूक असलेली गोष्ट हातात सैल निघते. २.८ मिलिमीटरची खाच काढली तर ती कापल्यावर ३ होते. आणि पुठ्ठा दबणारा असल्याने ती आणखी किंचित अरुंद ठेवली, तर सांधा गच्च बसतो.

एवढ्यानेही काम भागत नाही. दुकानदाराने ३ मिलिमीटर म्हणून दिलेले प्लायवूड मोजून पाहिले तर कधी थोडे कमी भरते, कधी थोडे जास्त. म्हणून विद्यार्थ्याला पहिली शिस्त लावतात ती अशी की, लेबलवरील आकडा मानू नये. कॅलिपर घ्यावा आणि हातातला तुकडा चार ठिकाणी मोजावा. दुसरी शिस्त अशी की, मोठे काम कापण्यापूर्वी एक फणी कापावी. या फणीला २.६, २.७, २.८, २.९ अशा वाढत्या रुंदीच्या खाचा असतात. प्रत्येकीत तोच तुकडा घालून पाहावयाचा, आणि कोणती खाच त्याला धरते ते हाताने ठरवावयाचे. तिसरी शिस्त आरेखनाची. संगणकावर खाचेची रुंदी नुसता आकडा म्हणून लिहावयाची नाही. ती 'जाडी' या एका नावाशी बांधावयाची. उद्या दुसऱ्या जाडीचा ताव आला, तर ते एक माप बदलताच सगळ्या खाचा आपोआप बदलतात.

येथे आमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आले आहे. या साऱ्या शिक्षणात जाडी ही दिलेली गोष्ट मानली आहे, आणि खाच ही आपण काढलेली. सांधा सैल निघाला वा बसला नाही, तर तावाला दोष देत कोणी बसत नाही. विद्यार्थी पुन्हा आरेखनाकडे वळतो. आपण मात्र माणसांच्या बाबतीत नेमके उलट करतो. घराच्या चालीरीती, शाळेचे वेळापत्रक, मंडळाचे नियम या खाचा माणसांनीच कधीतरी काढलेल्या असतात, परंतु कालांतराने त्या आपल्याला डोंगरासारख्या अढळ वाटू लागतात. आणि प्रत्येकाचा वेगळा पिंड, जो खरोखरच दिलेला असतो, तो मात्र तासण्याजोगा वाटतो. मुलगा वर्गात बसत नाही म्हणजे मुलातच खोट. सून घरात रुळत नाही म्हणजे सुनेतच खोट. कॅलिपर घेऊन कोणी मोजले आहे का, हा प्रश्न विचारला जात नाही. त्या मुलाचे, त्या सुनेचे लेबल वाचले जाते, 'अमुक गावची', 'तमुक घराण्यातला', 'इतके टक्के गुण', आणि त्या लेबलवरून खाच ठरते.

कर्फची गोष्ट याहून अधिक विचार करावयास लावणारी आहे. कापणे म्हणजे काहीतरी गमावणे. जगात असा किरण नाही आणि असे हत्यारही नाही, जे काहीच न खाता कापते. चांगला कारागीर हे नुकसान आधीच हिशेबात धरतो. घरांत आणि संस्थांत आपण ते शून्य धरतो. दूरच्या वसतिगृहात शिकावयास पाठविलेल्या मुलीची बोली, तिची झोप, आजीशी होणारे तिचे बोलणे यांतले काही ना काही खर्ची पडते. बदलीच्या नोकरीत, लग्नात, स्थलांतरात प्रत्येक वेळी काही जळून जाते. ते अटळ असेल. परंतु ते झालेच नाही असे मानणे हा खोटेपणा आहे. जो आरेखन करतो, त्याने त्या नुकसानीचा आकडा आपल्या खात्यावर लिहावा. फळीच्या खात्यावर लिहू नये.

आता एक आक्षेप निश्चित येईल. येणाऱ्याने मग काहीच बदलावयाचे नाही काय? खाचच सदा मोठी करीत राहावयाचे काय? तसे नाही, आणि हेही हाच धडा सांगतो. सैल खाच ही दया नव्हे. 'तुला हवे तसे वाग, आमचे काही म्हणणे नाही' असे म्हणणारे घर वरून उदार दिसते, पण त्यात राहणाऱ्याला कोणीच धरलेले नसते. थोडा धक्का लागला की तो निसटतो. सांधा टिकतो तो दोन्ही बाजू एकमेकींना दाबतात म्हणून. प्रश्न दाबाच्या मापाचा आहे, आणि ते माप पदार्थापदार्थागणिक वेगळे असते. पुठ्ठा दबतो. लाकूड थोडे दबते, आणि पावसाळ्यात फुगतेही. ॲक्रिलिक मुळीच दबत नाही. त्याला पुठ्ठ्याच्या मापाने खाचेत ठोकले, तर ते खाचेच्या आतल्या कोपऱ्यातून तडकते. जे एकाला सहन होते तेच दुसऱ्याला फोडते, यात दुसऱ्याचा दुबळेपणा नाही.

पुठ्ठ्याविषयी आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. तो दबतो म्हणून आरंभी त्याचा सांधा फार सोयीचा वाटतो. परंतु तोच सांधा पुनःपुन्हा काढला आणि घातला, तर प्रत्येक वेळी पुठ्ठा थोडा दबूनच राहतो, आणि अखेरीस जी खाच त्याला गच्च धरीत होती तीच सैल पडते. कित्येक घरांत नेहमी एकच व्यक्ती नमते. बहुधा ती आई असते, किंवा थोरली बहीण. तिच्या नमण्यावर घर चालते, आणि सर्वांना वाटते की ते असेच चालत राहील. एके दिवशी तिच्या ठिकाणी धरून ठेवण्याइतके काही उरलेले नसते, आणि आपण मग नवल करतो. नमण्याचा स्वभाव हे सोसण्याचे अमर्याद आश्वासन आहे, असे समजण्याचा अधिकार कोणालाही नाही.

कारागिरांची एक छोटी युक्तीही येथे सांगण्यासारखी आहे. खाच कितीही योग्य मापाची असली, तरी तिचे तोंड ते किंचित उतरते ठेवतात. आत घट्टपणा तोच असतो, पण प्रवेशाच्या जागी थोडी मोकळीक असते; त्यामुळे तुकडा न चुरगळता आत सरकतो. नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून पूर्ण दाबाखाली न घेता थोडे दिवस सवलतीचे द्यावेत, ही रीत आपल्या जुन्या घरांत काही प्रमाणात होती. नव्या सुनेचे पहिले सणवार, तिचे माहेरी जाणेयेणे, हा त्या खाचेच्या तोंडाचा उतारच होता.

तथापि या दृष्टान्ताला एक मर्यादा आहे, आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. पुठ्ठ्याला बोलता येत नाही. त्याची जाडी मोजता येते, त्याला विचारता येत नाही. माणसांना मात्र विचारता येते. म्हणून माणसांतला सांधा एका बाजूने कितीही सद्‌भावनेने आखला, तरी तो अपुराच राहतो. तो कसा आखावा, याचे एक उदाहरण पाबळपासून दूर, धाराशिव जिल्ह्यातील अणदूर या गावी आम्हांला दिसते.

अणदूर हे तुळजापूर तालुक्यातील, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील गाव. तेथील खंडोबाची ख्याती अशी की, देव एक आणि मंदिरे दोन. एकच मूर्ती वर्षातील सव्वादहा महिने अणदूरला असते आणि पावणेदोन महिने शेजारच्या नळदुर्गजवळील मैलारपूरला. मूर्ती एका गावाहून दुसऱ्या गावी नेताना दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो, आणि परत आणताना पुन्हा होतो. आपला धर्म कोणताही असो, या व्यवस्थेतील शहाणपण ओळखण्यास अडचण पडू नये. एका वस्तूवर दोन गावांचा जीव आहे. मूर्तीचे दोन भाग करता येत नाहीत, आणि एका गावाने कायमचा हक्क सोडावा असेही म्हणता येत नाही. तेव्हा त्यांनी काळालाच खाचा पाडल्या. वाटे समान नाहीत, तरी दोघांना मान्य आहेत. आणि ती मान्यता एकदाच घेऊन कायमची मिटविलेली नाही, ती दर वेळी नव्याने लिहिली जाते. गोंदाने चिकटविलेली गोष्ट सुटते ती फाटूनच. खाचेत बसविलेली गोष्ट काढता येते, तपासता येते, पुन्हा बसविता येते. दरवर्षी पुन्हा लिहिला जाणारा करार अविश्वासाचे चिन्ह आहे, असे कोणी म्हणेल. आम्हांला तो सांधा तपासून पाहण्याचा प्रकार वाटतो.

न तपासलेल्या सांध्याची किंमत याच मुलखाने मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच घरांखाली गाडली गेली. त्या घरांच्या भिंती बारीक नव्हत्या, चांगल्या रुंद होत्या. परंतु अनेक ठिकाणी ती भिंत म्हणजे चिखलात रचलेले दगडांचे दोन वेगळे थर होते, एक बाहेरचा, एक आतला, आणि मध्ये खडीमातीची भर. दोन्ही थरांना आरपार बांधणारा दगड त्यांत नव्हता. जमीन हादरली तेव्हा दोन्ही थर एकमेकांपासून सुटले आणि माणसांवर कोसळले. त्याच वेळी कित्येक घरांत भिंती पडूनही लाकडी खांबतुळयांचा सांगाडा उभा राहिलेला आढळला. पुढे दुरुस्तीच्या कामात भिंतीला आरपार भोके पाडून, त्यांत सळई आणि काँक्रीट भरून दोन्ही थर एकमेकांना बांधण्याची पद्धत शिकविण्यात आली. बाहेरून एक दिसणारी भिंत आतून दोन असू शकते. कुटुंबे अशी असतात, आणि धर्मग्रामही असे असू शकतात: एका छताखाली, एका रांगेत, आणि एकमेकांत पोहोचलेला एकही दगड नाही. जाडी पाहून आपण भिंत भक्कम आहे असे समजतो.

अणदूरचे आणखी एक उदाहरण देऊन आम्ही हा विचार आवरता घेतो. याच गावी डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशनच्या द्वारे खेड्यांतील स्त्रियांना आरोग्यसेवेचे शिक्षण देऊन 'भारतवैद्य' म्हणून उभे केले. वैद्यकीय सेवेची ठरलेली खाच अशी की, तीत बसण्यास पदवी हवी, इंग्रजी हवी, शहरात राहण्याची ऐपत हवी. त्या मापाने खेड्यातली शेतमजूर बाई कधीच बसली नसती. येथे आधी त्या बाईचे माप घेतले गेले. तिला काय येते, ती किती वेळ देऊ शकते, गावात तिच्यावर कोण विश्वास ठेवतो, हे पाहून तिच्याजोगे काम आखले गेले. बाईलाही शिकावे लागले, भीड मोडावी लागली, घरच्यांचे बोल सोसावे लागले असतील. दाब दोन्हीकडून होता. पण आधी सरकली ती खाच. पाबळला शाळेतून सुटलेल्या मुलांच्या बाबतीत कलबागांनी केले तेही हेच होते.

वाचकांनी आपापल्या घरापुरता एक प्रयोग करून पाहावा, असे आम्ही सुचवितो. घरात नवे माणूस यावयाचे असेल, मुलाला नव्या शाळेत घालावयाचे असेल, म्हाताऱ्या वडिलांना गावाकडून आणावयाचे असेल, तर आधी एक फणी कापावी. म्हणजे थोड्या दिवसांपुरती, मोडली तरी चालेल अशी एखादी व्यवस्था करून पाहावी, आणि कुठे सैल पडते, कुठे टोचते हे त्या माणसालाच विचारावे. आणि ज्या क्षणी 'जुळवून घे' हे शब्द ओठांवर येतील, त्या क्षणी ते बोलण्याआधी घरातल्या सर्वांनी बसून एवढे ठरवावे की, आपण किती सरकणार. तो आकडा ठरला आणि कुठेतरी लिहून ठेवला, म्हणजे मग येणाऱ्याला उपदेश करण्यास हरकत नाही.